ज्याची झाळ, त्याचा फेरा

काका आले ते मागच्या दाराने. पुढचं दार सताड उघडं होतं, ताई स्वतः तिथे वाट बघत उभी होती, पायपुसणंसुद्धा झटकून टाकलेलं होतं, पण नाही. ज्या माणसाने इतकी वर्षं भावाच्या कारखान्यात पाऊल टाकलं नव्हतं, तो घराला वळसा घालून थेट कारखान्याच्याच दारात जाऊन उभा राहिला. हातात लाकडी पेटी आणि पेटीत तो दाबाचा काटा. छोट्या वाफेच्या इंजिनांचा नाद असलेल्या मंडळींचा जो क्लब होता, त्याचे काका हे बॉयलर-तपासनीस. त्यांच्या काट्याने हो म्हटल्याशिवाय क्लबातलं एकही इंजिन रुळावर चढत नसे, म्हणून सगळे त्यांना काटाकाका म्हणत. त्यांचे सख्खे थोरले भाऊ, म्हणजे अप्पा, नुसतं ‘काट्या’ म्हणत, आणि तेही पाठीमागे, कारण तोंडावर बोलणंच बंद होतं.

“आत या म्हणावं,” अप्पा म्हणाले. म्हणाले ते ताईला, आपल्या लेकीला. ती बिचारी घरातून धावत कारखान्यात पोचली होती.

“बॉयलर पाण्याने भरलाय का विचार,” काका म्हणाले. तेही ताईलाच.

“काठोकाठ भरलाय म्हणावं. हवेचा बुडबुडा नाही आत. नवशिकं नाही इथे कोणी.”

“ते काटा सांगेल म्हणावं.”

ताईने एकदा बापाकडे पाहिलं, एकदा काकांकडे. दोघांच्या मध्ये एक टेबल होतं, तेवढंच. ती हॉस्पिटलात वॉर्डची मुख्य नर्स, रुसलेले म्हातारे तिला नवे नव्हते. पण तिथे निदान झोपेची गोळी देता येते.

“मी काय टेलिफोन आहे का?” ती म्हणाली. “दोघांनाही कान दिलेत देवाने. काका, आधी आत या. दारात उभं राहून काय तपासणार?”

काका आत आले. कारखाना म्हणजे घरामागची लांबट खोली. एका टोकाला भट्टीच्या विटांचा ओटा, त्याच्या शेजारी तांबं धुवायची अॅसिडची टाकी, खिडक्यांना घट्ट बसणारी झापं. भिंतीवर खिळ्याला आबांची मोठी गॅसची बत्ती टांगलेली होती, उजेडाची नव्हे, तांबं तापवून झाळायची. आबा म्हणजे या दोघांचे वडील. काकांची नजर तिच्यावर गेली आणि त्यांनी ती लगेच काढून घेतली.

टेबलावर ठकी उभी होती, आबांचं वाफेचं इंजिन. गुडघ्याएवढी उंच, पण खोटी मुळीच नाही. कोळसा खायची, पाणी प्यायची आणि मागच्या गाडीवर बसलेल्यांना अंगणातल्या गोल रुळावरून ओढत न्यायची. आबांनी ती बांधली तेव्हा हे दोघे भाऊ शाळेतून आले की तिच्या तांब्याच्या खिळ्या घासायला बसायचे. आबांच्या पाठीमागे अप्पांनी बॉयलर-दुरुस्ती धरली, काकांनी काटा धरला. मग एका मेळाव्यात, भरल्या लोकांत, काकांनी अप्पांच्या हातचा एक बॉयलर नापास केला. “काट्यासमोर भाऊ नाही,” एवढंच म्हणाले. बॉयलर खरंच गळत होता का? होता की, थेंबभर. त्या थेंबावरून दोन घरांचं जाणंयेणं बंद झालं.

आता ठकीचा बॉयलर गळायला लागला होता. अप्पांनी तो झाळला, म्हणजे धातू वितळवून सांधला, पण काकांच्या शिक्क्याशिवाय ती क्लबाच्या रुळावर जाणार नव्हती. ताईनेच दोन्ही घरी हेलपाटे घालून आजची तपासणी ठरवली होती. तिचा हिशेब सरळ होता: ठकी पास होईल, दोघे म्हातारे हसतील, चहा पितील, झालं. पण अप्पांनी जेवणाच्या टेबलावर सगळ्यांदेखत जाहीर करून टाकलं, “ठकी त्याच्या काट्यापुढे फसली, तर मी बत्ती कायमची खाली ठेवीन.” सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, त्यातली गत. आणि तेव्हापासून ताईला धड झोप नव्हती.

*

धाकटीने ट्रे दोन्ही हातांनी धरला होता, तरी कप वाजायचे थांबत नव्हते.

“काय झालंय तुला? सकाळपासून बघतोय,” तिचा नवरा म्हणाला. शाळेची बस चालवणारा चांगला चाळिशीचा बाप्या, पण ताईने लहानपणी ‘बाळ्या’ म्हणून हाक मारली ती कायमची चिकटली.

“काही नाही. गरम आहे ट्रे.”

“हे बघ,” त्याने आवाज खाली आणला, “फसली ठकी तर फसू दे. वाईट वाटेल त्यांना, मान्य. पण अप्पांचा हात आता राहिलेला नाही. त्या दिवशी गॅस उघडा ठेवून आले. बाही जळाली तरी पत्ता नाही. आपण सांगितलं तर ऐकतात का? काटा सांगेल ते तरी ऐकतील.”

धाकटी ट्रे घेऊन तशीच पुढे निघाली. बोलणार काय? खाई त्याला खवखवे. या घराची ती धाकटी सून, कामाला दातांच्या लॅबमध्ये. दिवसभर कवळ्या घासायच्या, दातांच्या टोप्या बनवायच्या. या घरात तिचं खरं गोत्र जुळलं ते सासऱ्यांशी. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात अप्पांनी तिचं काम हातात घेऊन उलटंपालटं करून पाहिलं होतं आणि “हात आहे पोरीला” असं म्हटलं होतं. बाळ्याला त्यांनी तसं आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात ती अप्पांना जेवायला बोलवायला आली, तेव्हा कारखान्यात अंधार केलेला होता. चांदीची झाळ द्यायची तर तांबं मंद लाल व्हावं लागतं, तेव्हाच चांदी वितळून फटीत धावते, आणि ते लाल उजेडात दिसत नाही, म्हणून झापं लावायची. हे तिला ठाऊक होतं. पण बॉयलर लाल नव्हता, पार नारिंगी झाला होता. आणि अप्पा बत्ती तशीच धरून पुटपुटत होते, “अजून काळंच आहे मेलं.”

“अप्पा, झालं की लाल! कधीचं झालंय!”

“कुठे?” अप्पांनी विचारलं. आणि विचारताना ते सरळ बॉयलरकडेच बघत होते.

मग त्यांनी घाईघाईने सारवासारव केली. धूर गेला होता डोळ्यांत म्हणे. धूर कसला न् काय. शेवटी म्हणाले, “बाळ्याला बोलू नकोस. ताईला तर मुळीच नको.” तिने मान हलवली. दुसऱ्या दिवशी ते आडवे झालेले पाहून तिने गुपचूप पंप लावून पाहिला, तर ठकीच्या भट्टीच्या आत, कोळसा जळतो त्या पोकळीत, वरच्या कोपऱ्यातल्या आधाराच्या खिळीजवळून पाणी टपकत होतं. झाळ करपून गेली होती.

एवढं मोठं तांबं लाल करणं तिच्या दातकामाच्या छोट्या बत्तीच्या बापाच्याने झालं नसतं. मग तिने केलं ते या घरात कोणी मनातसुद्धा आणलं नसतं. तिने खिळीभोवती कथलाची झाळ दिली. कथील कमी आंचेवर वितळतं, चटकन भोक बुजवतं आणि भट्टीच्या जाळात तेवढंच चटकन पळून जातं. वर तांब्याने एकदा कथील प्यायलं की त्याला पुन्हा चांदी चढत नाही. हे अप्पा ज्याला त्याला ऐकवायचे. पण तपासणी थंड पाण्यावर होते, असंच तिला वाटत होतं. आजचा दिवस निभावेल, ठकी कपाटात जाईल, अप्पांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊ, मग बघू. कथलाची पांढरी चमक दिसू नये म्हणून तिने वरून काजळी फासली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची.

“पंप,” काका म्हणाले.

बाळ्याने पंपाचा दांडा मारायला सुरुवात केली. काटा हलला, चढला. रोजच्या कामाचा दाब झाला, त्याच्या पुढे गेला, पार दुपटीपर्यंत गेला आणि थांबला. अप्पांचा तळवा ठकीच्या पाठीवर होता.

“घाम?” काकांनी विचारलं. बॉयलरला कुठे पाझर फुटला की या घरात त्याला घाम म्हणत.

“कोरडी आहे म्हणावं. ठणठणीत,” अप्पा म्हणाले.

“भट्टीच्या आत बघायचंय. आरसा आहे का, दांडीचा?”

होता. दातांच्या डॉक्टरचा, छोटासा, लांब दांडीचा. धाकटीनेच अप्पांना आणून दिला होता, आणि आता तिलाच तो काकांच्या हातात द्यावा लागला.

काका भट्टीच्या दारात बॅटरीचा उजेड टाकून आरसा फिरवत राहिले. फार वेळ फिरवला. एका जागी आरसा थांबला.

“थंड पाण्यावर पास,” काका म्हणाले.

ताईने टाळ्याच वाजवल्या. धाकटीने ट्रे खाली ठेवला आणि टेबलाची कड धरून उभी राहिली. सुटलो बाई, असं तिच्या मनात पुरतं यायच्या आत काका पुढे म्हणाले:

“आता पेटवा. वाफेवर बघायची राहिली. नवा नियम आहे, दोन्ही एकाच दिवशी.”

*

काकांना आरशात काय दिसलं होतं? भट्टी आतून धुतलेली, नव्या तांब्यासारखी गुलाबी, आणि वरच्या कोपऱ्यात एका खिळीभोवती तेवढीच काजळी. दुरुस्तीनंतर जी भट्टी पेटलेलीच नाही, तिच्यात काजळी येईल कुठून?

दुसऱ्या कोणाचं काम असतं तर त्यांनी तिथल्या तिथे खरवडून पाहिलं असतं. पण दादाचं काम, आणि त्यात लपवाछपवी? दादा भांडेल, शिव्या घालेल, बॉयलर भंगारात फेकेल, पण काजळी फासणार नाही. त्यांना एकदम भीती वाटली, ठकीची नाही, दादाची. पेटवा म्हटलं की दादा स्वतःच बोलेल, असं त्यांनी धरलं. आणि नाहीच बोलला, तर वाफ पुरती चढायच्या आत आपण थांबवायचं. जाळीची पिन ओढली की सगळी आग खाली पडते, वेळ लागत नाही.

त्यांनी भावाच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

“पेटवा म्हणावं,” अप्पा ताईला म्हणाले. “आम्ही कधी नाही म्हटलं?”

आणि काड्यापेटी घ्यायला त्यांनी हात टाकला, तो पेटीच्या वीतभर अलीकडे पडला. मग तो हात टेबलावरून चाचपत पुढे गेला. काकांनी ते पाहिलं. त्याचा अर्थ त्यांना लागला नाही.

“पहिला फेरा कोण मारणार?” बाळ्याने विचारलं.

“कोण म्हणजे? ज्याची झाळ, त्याचा पहिला फेरा. एकट्याचा. आबांपासून चालत आलंय,” अप्पा म्हणाले.

आबांचा नियम साधा होता. चालवणारा इंजिनाच्या मागे अगदी खेटून बसतो, भट्टीचं दार त्याच्या गुडघ्यांच्या मध्ये येतं. काही फुटलंबिटलं तर आग आणि वाफ पहिल्यांदा त्याच्या अंगावर येते. तेव्हा ज्याने झाळलं त्यानेच आधी बसावं, म्हणजे झाळताना हात हलगर्जी होत नाही.

*

“ताई, आत चला. आत्ता.”

“अगं, तिकडे वाफ चढतेय...”

“म्हणूनच चला.”

धाकटीने नणंदेला जवळजवळ ओढतच स्वयंपाकघरात नेलं आणि दार लावून घेतलं. मग तिच्या तोंडून सगळं एका दमात बाहेर पडलं: करपलेली झाळ, टपकणारं पाणी, कथील, काजळी. ताईचा चेहरा बघता बघता पडला.

“तुझं डोकं ठिकाणावर आहे का? त्या भट्टीसमोर अप्पा बसणारेत!”

“मला वाटलं पाण्यावरच संपेल. आईशप्पथ, ताई, मला माहीत नव्हतं पेटवायला लावतील.”

“आणि इतका वेळ गप्प बसलीस? जा, सांग. नाहीतर मी सांगते.”

“सांगितलं की काका विचारणार, कथील का लावलं. मग अप्पांच्या डोळ्यांचं निघणार. मी शब्द दिलाय त्यांना.”

“कसलं डोळ्यांचं?”

धाकटीने ओठ चावला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

“त्यांना लाल दिसत नाही, ताई. तांबं पेटून नारिंगी झालं तरी त्यांना काळंच दिसतं.”

ताई स्टुलावर मटकन बसली. जगाची दुखणी ओळखायची आणि घरातलं म्हातारं माणूस चाचपत चालतंय ते दिसू नये. चहात साखर दोनदा टाकतात, पेपर वाचायचा सोडला, टीव्हीला नावं ठेवतात. सगळं डोळ्यांसमोर होतं. तिला स्वतःचीच लाज वाटली आणि पाठोपाठ रडू आलं.

“मला का नाही सांगितलं गं त्यांनी?”

“तुम्ही बत्ती काढून घ्याल म्हणून.”

“घेतलीच असती!” ताई ओरडली, आणि मग हळूच म्हणाली, “घेतली असती गं. आणि मग दुसऱ्या महिन्यात ते अंथरूण धरून बसले असते.”

बाहेरून ठकीची शिट्टी ऐकू आली. वाफ शिट्टीपुरती तरी झाली होती. दोघी एकदमच उठल्या.

“भांडण नंतर,” ताई म्हणाली. “आधी त्यांना बसू द्यायचं नाही. कसं ते बघू.”

*

अप्पा रुळाकडे निघाले होते. दोरीवरच्या कपड्यांच्या पलीकडे, अंगणातल्या रुळावर आणून ठेवलेली ठकी धूर सोडत उभी होती. तिच्या मागे बसायची बुटकी गाडी. अप्पांना ती दिसत होती, पण कडेकडेने. बरोबर मध्ये, जिथे बघावं तिथेच, करड्या रंगाचं एक फडकं अडकल्यासारखं असायचं. फडकं बाजूला करता येत नाही, एवढाच त्रास.

कथील त्यांना माहीत होतं. बॉयलर परत ठकीवर चढवताना भट्टीत हात घालून त्यांनी एकेक खिळी चाचपली होती. डोळे नसतील, नख तर होतं. वरच्या कोपऱ्यात नख रुतलं. चांदी असती तर रुतलं नसतं. एवढं नेटकं काम घरात कोणाचं, हे विचारायचीही गरज नव्हती. पोरीने आपली लाज झाकली होती. तेव्हाच खरवडून टाकायला हवं होतं, पण तेव्हा काट्याचा चेहरा डोळ्यांपुढे आला. भरल्या लोकांत ‘नापास’ म्हणणारा. पुन्हा तेच ऐकायचं? नाही म्हणजे नाही. फुटलं तर फुटलं. बसणार आपणच आहोत, भाजलं तर आपलंच तोंड भाजेल. म्हातारपणी तोंडाला काय सोनं लागलंय?

पण ते गाडीपाशी पोचायच्या आत कोणीतरी त्यांच्या बाजूने धावत गेलं.

“ए, ए, काय करतेस?” हा बाळ्याचा आवाज.

“पहिला फेरा माझा आहे,” धाकटीचा आवाज आला, खालून, गाडीवरून. “झाळ माझी आहे. ज्याची झाळ त्याचा फेरा.”

“वेड लागलं का? तू कधी झाळलंस? ऊठ!”

“कोपऱ्यातली खिळी मी झाळलीय. मी उठणार नाही.”

अप्पांना तिचा चेहरा दिसला नाही. तिचे गुडघे मात्र कडेने दिसले, ठकीच्या भट्टीच्या दाराच्या दोन बाजूंना.

“ऊठ पोरी.”

“नाही अप्पा. तुम्ही बसणार नाही असं म्हणा, मग उठते.”

“काका, तुम्ही तरी सांगा!” ताई ओरडली.

“मी सांगतोय, ऊठ!” अप्पा गरजले. त्यांनी मान वळवली, जिकडे भाऊ उभा होता तिकडे, आणि मध्ये कोणालाही न घेता म्हणाले:

“पिन ओढ. भट्टीत कथील आहे. मला लाल दिसत नाही रे.”

काका वयाला न शोभणाऱ्या चपळाईने वाकले आणि त्यांनी पिन खेचली. जाळी सुटली, पेटलेले निखारे रुळांच्या मध्ये धपकन पडले. बाळ्याने बायकोला काखेत हात घालून मागे ओढलं. पुढच्याच क्षणी भट्टीच्या आत फिस्स झालं आणि दारातून पांढरी वाफ भपकन बाहेर आली, जिथे धाकटीचे गुडघे होते बरोबर तिथे.

वाफ कमी कमी होत गेली. काकांनी चिमट्याने राख बाजूला केली. निखाऱ्यांत कथलाचा एक पांढरा, चकचकीत मणी पडला होता.

“अप्पांना यातलं काही माहीत नव्हतं,” धाकटी म्हणाली. तिला रडू आवरत नव्हतं. “सगळं मी केलं.”

“माहीत होतं. नख रुतलं माझं.”

“माहीत होतं?” बाळ्या वळला. “आणि तरी बसणार होतात? त्याच्यासमोर?”

“माझं तोंड होतं, मी...”

“तुमचं तोंड! आणि आम्ही काय बघत बसायचं? रोज कारखान्यात आवाज झाला की माझा जीव वर-खाली होतो, अप्पा. बस चालवतानासुद्धा डोक्यात तेच. मला तुमची बत्ती नकोय, मला तुम्ही हवे आहात!”

बाळ्या एवढं कधी बोलला नव्हता. अप्पांनी हात पुढे केला, तो त्याच्या खांद्याला सापडला आणि तिथेच राहिला.

“उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे,” ताई म्हणाली. “मी घेऊन जाणार. एक चकार शब्द ऐकून घेणार नाही.”

“बरं,” अप्पा म्हणाले. हे ‘बरं’ त्या घरात इतकं दुर्मीळ, की ताई पुढचं वाक्यच विसरली.

काका अजून राखेपाशीच बसून होते.

“कधीपासून दिसत नाही?”

मध्ये कोणी नव्हतं. अप्पांना विचारलं होतं.

“काय सांगू? आधी संध्याकाळी जायचं. मग दुपारीही जायला लागलं.”

“मला कळवायचं नाहीस?”

“तू माझ्याशी बोलत होतास का?”

खरं होतं ते.

अप्पा कारखान्यात गेले. भिंत चाचपून त्यांनी खिळ्यावरची बत्ती काढली आणि पाठोपाठ आलेल्या भावापुढे धरली. “घे. ठकी फसली. मी बोललो होतो.”

धाकटीने तोंडावर हात ठेवला. ताईने बाळ्याकडे पाहिलं. ज्याला ही बत्ती खाली ठेवलेली बघायची होती, तोच आता मान खाली घालून उभा होता.

काकांनी बत्ती घेतली नाही.

“बत्ती मला कशाला? मी आयुष्यभर काटा बघितला. माझ्या हाताने धड मेणबत्ती पेटत नाही, आबा शिव्या घालायचे आठवतंय ना?” ते थांबले. “पण लाल मला अजून दिसतं, दादा.”

“मग?”

“मग काय? मी लाल झालं की सांगतो. तू झाळ.”

अप्पांना ते समजायला जरा वेळ लागला. “तू हात लावलास तर शिक्का कोण मारणार? ज्याने कामाला हात लावला त्याने काटा बघायचा नाही. तुझाच नियम आहे.”

“आहे ना. मग ठकीवर दुसरा कोणी काटा लावेल. आणि नंतर तुझ्या सगळ्याच बॉयलरांवर लावेल. क्लबात माणसं का कमी आहेत?” काकांनी पेटी उघडली, काटा बाहेर काढला आणि बत्तीच्या रिकाम्या खिळ्याला अडकवून टाकला. “पण एक आहे. ते कथील जिने लावलं तिनेच खरवडायचं. कणसुद्धा राहता कामा नये, नाहीतर चांदी चढायची नाही. दातांची सवय आहे, जमेल.”

“जमेल,” धाकटी नाक पुसत म्हणाली. “महिना लागला तरी करीन.”

“ते नंतर,” अप्पा म्हणाले. “आधी बघू तर दे, हा बरोबर सांगतो का. बाळ्या, झापं लाव.”

झापं लागली. खोलीत अंधार झाला. अप्पांनी ओट्यावर तांब्याचे दोन भंगार तुकडे मांडले, झाळ धरायचं औषध फासलं, बत्ती पेटवली. ज्योत तांब्यावर आणली. दुसऱ्या हातात चांदीची तार. काका त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले, कारण त्याशिवाय नीट दिसलं नसतं.

“काळं,” काका म्हणाले.

बत्ती घोंघावत होती.

“काळं.”

“किती वेळ काळं?” बाळ्या कुजबुजला.

“गप रे,” ताई म्हणाली.

“काळंच आहे. घाई करू नकोस दादा. काळं... काळं...” काकांचा आवाज एकदम हलका झाला. “लाल.”

अप्पांनी तार टेकवली. सगळे पुढे वाकून बघत होते.

“धावली का?” अप्पांनी विचारलं. “अरे, सांगा ना कोणीतरी. धावली का चांदी?”

“धावली, दादा,” काका म्हणाले. “सगळीकडून धावली.”